तुझ्या पाठीवर माझाच हात होता

कुंदा, तुझ्या तेराव्याच्या दिवशी तुझ्या आईनं, मावशींनी, मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर न देता पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेले. माठापाशी उभी राहून दोन पेले पाणी प्यायले. तहान अजिबात नव्हती. बाहेर यायला पाय होईनात, म्हणून तिसराही भरून घेतला.

प्रश्न साधाच होता. पंगत उठली होती, बायका पत्रावळी गोळा करत होत्या आणि मावशी खांबाला टेकून बसल्या होत्या. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "पोरी, तू तर तिच्या पाठीला रोज हात लावायचीस. तुमचं शिक्षणच त्ये ना? मग तुला नाय कळलं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं, मीही रडून मोकळी झाले असते. त्या खरोखरच विचारत होत्या, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकानं विचारावं तशा. मी माठाकडून परस्पर मागच्या दारानं निघाले, चपला हातात घेऊन. तुझ्या घरातून चोरासारखी बाहेर पडले आणि नांदगावच्या स्टँडवर जी पहिली एसटी लागली होती तिच्यात चढले. गाडी सुटेपर्यंत खिडकीकडे तोंड केलं नाही, कुणी ओळखलं असतं तर?

याला आता आठवडा होऊन गेला. मी घाबरले आहे गं. उगाच बोलायचं म्हणून नाही सांगत, खरोखर घाबरले आहे. ओपीडीत पेशंट पालथा झोपला की मी आधी हात धुते, मग टॉवेल शोधते, मग पुन्हा हात धुते. परवा सातपूरच्या एका कारखान्यातला प्रेसवरचा ऑपरेटर आला होता. धडधाकट माणूस, वजन उचलताना कंबर धरलेली, आपल्या पुस्तकातल्या पहिल्या पानावरची केस. माझे दोन्ही अंगठे त्याच्या पाठीच्या वर बोटभर अंतरावर तसेच थांबले. शेवटी तोच म्हणाला, "बाई, दाबा की. का झोप लागली?" मी त्याला शेक दिला आणि एक्स-रेची चिठ्ठी हातात ठेवली. आठवडाभर मी आल्या-गेल्याला एक्स-रेच लिहून देते आहे. काल सर म्हणाले, "संध्या, तू फिजिओथेरपिस्ट आहेस की एक्स-रेची एजंट?" सगळे हसले. तू असतीस तर सगळ्यात मोठ्यानं हसली असतीस.

पदव्युत्तरच्या आपल्या शाखेला, हाडं-स्नायूंच्या, त्या वर्षी दोनच जागा भरल्या होत्या. त्यामुळे तू मला आणि मी तुला आपोआप वाटणीला आलो. सरांची पद्धत ठरलेली होती. जोडीतल्या एकीचं शरीर हे दुसरीचं पुस्तक. रोज दुपारी ओपीडी संपली की पडदा ओढायचा, एकीनं पालथं झोपायचं, दुसरीनं मानेपासून माकडहाडापर्यंत एकेक मणका अंगठ्यानं चाचपायचा, हलके दाब द्यायचे, आणि मग वहीत पाठीचं चित्र काढून कुठे काय लागलं ते लिहायचं. लिहायचं तेही पेन्सिलीनं. सर म्हणायचे, "अंगठा शिकतोय तोवर मत पक्कं नसतं. शाई कशाला वाया घालवता?"

पहिल्या दिवशी मी सांगून टाकलं की मला गुदगुल्या होतात. तू कपाळावर हात मारलास. "मग हिकडं कशाला आलीस? बँकेत जायचं." दुसऱ्या दिवशी मानेचा सराव होता आणि तुझं डोकं दोन्ही तळव्यांत धरल्यावर माझे हात थरथरायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुस्तकातलं, इथून ही रक्तवाहिनी जाते, इथून ती, इथे चुकलं की संपलं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मान माझी तुझ्या हातात, आणि घाबरतेस तू? भित्री भागूबाई." झालं, त्या दिवसापासून विभागात माझं नाव भागूबाई. शिपाईमामासुद्धा फायली घेऊन यायचे ते 'भागूताई, सही' म्हणत.

पण खरं सांगते, माझा हात तुझ्याच पाठीवर स्थिरावला. माझे वडील कारखान्यात शिफ्टला, घरी आई आणि मी, कुणाच्या अंगाला हात लावायची आमच्याकडे पद्धत नव्हती. आजारपणातसुद्धा आई लांबूनच 'ताप आहे का गं' विचारायची. तुझ्याकडून मी शिकले की हात ठेवताना आधी बोलायचं, आणि मग आपला श्वास समोरच्याच्या श्वासाला जुळेपर्यंत थांबायचं. पुस्तकात हे कुठेच लिहिलेलं नाही. मी घाईनं दाबलं की तू म्हणायचीस, "अगं, भाकरी थापतेस का? थांब, आधी माझ्या पाठीला कळू दे तू आलीस ते."

तुझ्या प्रबंधासाठी आपण द्राक्षबागांमधून किती हिंडलो. मणी विरळायच्या दिवसांत बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात वर करून उभ्या, मान मागे टाकलेली, आणि तू त्यांच्या माना-खांदे तपासून फॉर्म भरायचीस. मी फक्त वही धरायचे. त्या तुला काय काय सांगायच्या! नवऱ्याचं, सासूचं, पोटातलं, पाळीचं. मी फॉर्मवर बोट ठेवून म्हणायचे, अगं यातलं काहीच इथे लिहायला जागा नाही. तू म्हणायचीस, "लिहायचं नाय, ऐकायचं." दुपारी त्यांच्याच फडक्यातली भाकरी आणि ठेचा खायचीस आणि मला डबा खाल्ल्याबद्दल टोमणे मारायचीस. मला त्या दिवसांचे उपकार फेडता येणार नाहीत. आज मला जे थोडंफार ऐकू येतं ते तिथलं आहे.

आपलं भांडणही तिथलंच, आणि ते अर्धवटच राहिलं. एका बाईच्या खांद्यापाशी मला काहीतरी सुजल्यासारखं वाटलं आणि मी तिच्यासमोरच म्हणाले, "हे आजच दाखवा, काही वाईटही असू शकतं." तिचा चेहरा पांढरा पडला. पुढे निघालं काहीच नाही, साधी चरबीची गाठ. पण परतताना एसटीत तू माझ्याशी बोलली नाहीस. नाशिकचा द्वारका चौक आल्यावर एकदम म्हणालीस, "अर्धं दुखणं भीतीचंच असतं. ते तू तिला फुकटात दिलंस." मी म्हटलं, "भीती कामाची असते. भीती वाटली म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो." तू म्हणालीस, "काही जातात. काही लपतात." त्यावर मी म्हटलं की लपणारे मूर्ख असतात. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि मला वाटलं मी जिंकले.

गणपतीचे दिवस होते. बाहेर मंडळाचा लाऊडस्पीकर चालू होता, म्हणून पडद्याआड आपण ओरडून बोलत होतो. मी वरून खाली मणके मोजत येत होते. खांद्यांच्या दोन पात्यांमध्ये, पाठीच्या सहाव्या मणक्यावर आले आणि दाब दिला, तशी तू श्वास धरलास. एरवी दाब देताना मणका थोडा आत जातो, मग त्याचा शेवट लागतो, आपण तिथे थांबतो. तिथे तसं झालं नाही. तिथे शेवट लागण्याआधीच सगळे स्नायू एकदम आवळून आले, जणू कुणी आतून दार लावून घेतलं. मी अंगठे उचलले. पुन्हा ठेवले. पुन्हा तेच.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दिवसभर टायपिंगवाल्याकडं बसले होते काल. लाकडी स्टूल. पुढं चल."

मी पुढे गेले. पण वहीत लिहिलं. पाठीच्या चित्रावर सहाव्या मणक्यापाशी गोल केला आणि लिहिलं, 'फार दुखरं. शेवट लागत नाही. पुन्हा बघणे.' तू उठून कुडता सारखा करता करता वाकून वाचलंस.

"हे खोड."

"का?"

"सर वाचतील आणि मला सगळ्या ज्युनियरांसमोर पालथं घालतील. 'या, बघा, हा दुखरा मणका.' खोड गं."

"पण पुन्हा बघायला हवं."

"पाठ माझी हाय ना? मग खोड."

आणि मी खोडलं, कुंदा. खोडरबर तुझ्याच कंपासमधलं होतं. कागद थोडा खरवडला गेला, मग मी भुगा फुंकरीनं उडवला, आणि वर नीट अक्षरात 'विशेष काही नाही' असं लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्या मणक्यावर आले तेव्हा मी दाब हलकाच दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी हलका. मग तर तो मणका मी चक्क ओलांडून जायला लागले, पायरी फुटकी असली की आपण वरच्या पायरीवर पाय टाकतो तशी. तुला ते कळत होतं. तू काहीच म्हणाली नाहीस आणि मीही नाही. सगळ्या जगाला एक्स-रे काढायला सांगणारी मी, तुला एकदाही 'एक्स-रे काढ' म्हणाले नाही.

का नाही म्हणाले? या महिन्यात मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता त्याचा अर्थच लागेनासा झालाय. मला वाटतं, पेशंटच्या बाबतीत मला काहीतरी निघेल अशी भीती होती, पण ती माझ्यापासून लांब होती. तुझ्या बाबतीत ती माझ्या अंगठ्याखाली होती.

दिवाळीनंतर तोंडी परीक्षेची तयारी सुरू झाली. एकीनं पेशंट व्हायचं, दुसरीनं प्रश्न विचारून निदान करायचं. पेशंट मनानं रचायचा. मी नेहमी कारखान्यातले कामगार रचायचे आणि त्यांची भाषा मला जमायची नाही, तू पोट धरून हसायचीस. तू मात्र पेशंट झालीस की खरीच पेशंट व्हायचीस. त्या दिवशी तू बागेतली बाई झालीस. कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर आपण चहा घेऊन बसलो होतो.

"नाव?"

"शांताबाई. वय चव्वेचाळीस. पटापट लिवा बाई, बागंत काम पडलंय."

"काय त्रास होतोय?"

"पाठ दुखती. मधोमध."

"कधीपासून?"

"गणपतीपासनं."

"कशानं वाढतं, कशानं कमी होतं?"

"कशानंच कमी व्हत नाय. बसलं तरी दुखतं, उभं ऱ्हायलं तरी दुखतं. निजलं की जास्त. दोनदा-तीनदा जाग येती."

"वजन?"

"झंपर ढिलं झालंत सगळं."

"अंगावर कुठे गाठ वगैरे?"

तू कपाकडे बघितलंस. "हाय एक. डाव्या बाजूला, छातीपाशी. कुणाला दावली नाय."

मी पेन खाली ठेवलं. खुशीत होते मी. ज्या खुणा दिसल्या की ही साधी पाठदुखी नाही असं समजायचं, त्या सगळ्या एका माळेत ओवून तू मला दिल्या होत्यास. मी घडाघडा सांगितलं, हा आपला पेशंट नाही, याला एकही दाब द्यायचा नाही, आजच्या आज पुढे पाठवायचा, गाठीची तपासणी, मणक्याचा स्कॅन, शंका दुसरीकडून मणक्यात आलेल्या कॅन्सरची.

"आणि शांताबाई न्हाई म्हणली तर?"

"नाही कशी म्हणेल?"

"भ्या वाटतं म्हणली तर?"

"मग तिला सांगायचं, बाई, भीती वाटते म्हणून तर लवकर जा."

तू उरलेला चहा संपवलास. मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "पैकीच्या पैकी." आणि मी काय म्हणाले आठवतं? मी म्हणाले, "अगदीच ठरीव केस काढलीस गं. परीक्षक काही इतकी सोपी देणार नाहीत." तू उठून कप विसळायला गेलीस. कप विसळायला बराच वेळ लागला, एवढं माझ्या लक्षात आहे. त्या वेळी मी पुढची केस रचण्यात गुंतले होते.

फेब्रुवारीत विभागाच्या जिन्यावर तुझ्या डाव्या पायाची चप्पल पायरीला घासली गेली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाऊल उचललं जात नव्हतं. मी मागून येत होते. त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं, मणका, गणपती, ढिले झालेले तुझे कुडते, माझ्या आईनं तुझ्यासाठी दिलेला आणि तू दर वेळी अर्धा परत पाठवलेला डबा. मी जिन्यात मटकन खाली बसले. तू वर उभी, मी खाली बसलेली, आणि तूच मला विचारलंस, "काय झालं गं? चक्कर आली का?"

त्यानंतरचं तू भोगलंस, मी फक्त बघितलं. स्कॅन, मग मुंबई, मग परत नांदगाव. मी परीक्षा दिली, पास झाले, आपल्याच ओपीडीत नोकरीला लागले. परीक्षेत मला खरोखरच पाठदुखीची केस आली आणि मी सगळे प्रश्न ओळीनं विचारले. परीक्षक म्हणाले, फार छान. 

तुला शेवटची भेटले ती तुमच्या बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. पाय गेलेच होते. मी सवयीनं तुझ्या टाचेखाली उशी सरकवत होते. तू म्हणालीस, "ती शांताबाई आठवते का गं?"

मला एका क्षणात कळलं. तरी मी म्हटलं, "कोण शांताबाई?"

"नाटक नको करू. तू बरोबर सांगितलं होतंस. मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तू इतकं फाडफाड सांगितलंस, की ऐकलं आणि मी जास्तच घाबरले."

"तू? घाबरलीस?"

"तुझ्यापेक्षा शंभरपट. तपासलं की मग ते खरं होऊन बसतं ना. तोवर नुसती पाठच दुखत असते." मग थोडं थांबून, "आईला सांगू नको मला म्हाईत होतं म्हणून. तिला वाटंल, तिला का नाय सांगितलं. शप्पथ घे." मी घेतली. मग तू विचारलंस, "तीन-चार महिने आधी गेले असते तर असा काय फरक पडला असता?" मी उशी नीट करत राहिले. आपण दोघी एकच अभ्यासक्रम शिकलेल्या. जीव वाचला असता की नाही ते कुणीच सांगू शकत नाही, पण पाय बहुधा राहिले असते. तुला ते माहीत होतं आणि तू उत्तराची वाट बघितली नाहीस.

मला तुझा राग येतो, कुंदा. हे गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, पण मग कुणाला बोलू? इतकी वर्षं मला भागूबाई म्हणून हिणवलंस आणि स्वतः गाठ लपवून बसलीस. मला खऱ्या पेशंटसमोर बसवलंस आणि नाटक आहे असं भासवलंस. आणि मग मला शपथ घातलीस. राग आला की पाठोपाठ खरवडलेला तो कागद डोळ्यांसमोर येतो आणि माझा राग जागच्या जागी विरतो. तू एकटीनं नाही लपवलंस. आपण दोघींनी मिळून लपवलं.

मावशींना काय सांगायचं, हे मला कळेना. 'नाही कळलं' म्हणावं तर ते खोटं. 'तिला स्वतःलाच माहीत होतं' म्हणावं तर शपथ मोडते, मी सुटते आणि त्या कायमच्या अडकतात. शेवटी ठरवलं, फक्त माझा वाटा सांगायचा. तुझं नाव काढायचं नाही. मग त्यांनी चार शिव्या दिल्या, दुकानातून हाकललं, तर हाकलू देत.

म्हणून आज, रविवारी, नांदगावला जाऊन आले. एसटीत सगळा वेळ वाक्यं पाठ करत होते, तोंडी परीक्षेसारखी. मनमाडला उतरून परत फिरावं असं वाटलं, उठलेही होते, पण बाजूच्या बाईची पिशवी पायात आली आणि तेवढ्यात गाडी सुटली.

मावशी दुकानात एका बाईला बांगड्या भरत होत्या. मला बघून नुसतं म्हणाल्या, "बस." मी समोरच्या स्टुलावर बसले. ती बाई जाईपर्यंत मी काचेच्या कपाटातले हिरवे, लाल, मोरपिशी रंग बघत होते आणि माझं सगळं पाठांतर विसरत होते. ती गेल्यावर एका दमात म्हणाले, "मावशी, तुम्ही विचारलं होतं. कळलं होतं मला. माझ्या अंगठ्याला लागलं होतं. लिहिलंही होतं वहीत. मग मी ते खोडून टाकलं. भीती वाटली म्हणून खोडलं."

मावशींनी बांगड्यांच्या रिळावरची धूळ पुसली. मला वाटलं, आता बोलतील. त्या कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.

"दिवाळीला आली व्हती ती," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीला मीच भरायची तिला. लहानपणापासनं तिचा हात लय आडमुठा. अंगठा मुडपायचा, हात दाबायचा, ती कळवळायची, तवा कुठं बांगडी चढायची. त्या दिवाळीला त्याच मापाची बांगडी घेतली. हात दाबायच्या आधीच गेली. अशी, आपली आपण, कोपरापतुर."

त्यांनी हवेत हात करून दाखवला.

"मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, आये, अभ्यास लय हाय गं. मी म्हणलं, हां, अभ्यासच असंल. चाळीस वर्सं बायांचे हात दाबतीय मी. मला कळत नाय व्हय? ती लपवतीय ते बी कळलं व्हतं."

"मग विचारलं का नाही, मावशी?"

"भ्या वाटलं."

 बाहेर कुणीतरी हातगाडीवर केळी विकत होतं.

"म्हणून तर तुला इचारलं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "म्हणलं, मला एकटीलाच कळलं व्हतं, का आनखी कुणाला. तू पळून गेलीस तवाच समजले." मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "आनि तू अशी वाकडी का बसलीस?"

कुंदा, हे मी तुलाही अजून सांगितलेलं नाही. तू गेल्यापासून माझी पाठ दुखते आहे. डाव्या बाजूला, खाली. बहुधा काही नसेल, झोप नाही, खाणं नाही, दिवसभर मी खांदे आवळून हिंडते आहे. पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना नाही, आईला नाही. ओपीडीतल्या सगळ्यांना एक्स-रेच्या चिठ्ठ्या देत होते आणि स्वतःची पाठ पदराखाली झाकून घरी येत होते. मी तोंड उघडलं ते 'एसटीत बसून अवघडलं' म्हणायला. शब्द अगदी ओठावर होते.

"दुखतंय मावशी," मी म्हणाले. "वीस-एक दिवस झाले. मला फार भीती वाटते."

त्या उठल्या. एक गिऱ्हाईक दारात आलं होतं, त्याला 'सांजच्याला या' म्हणून परत पाठवलं. दुकानाच्या फळ्या एकामागून एक लावल्या, कुलूप घातलं आणि माझं मनगट धरून चालायला लागल्या. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे रविवारचीही गर्दी होती. आम्ही बाकावर नंबर लावून बसलो, तरी मावशींनी माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांनी पालथं झोपवून दाबून बघितलं, स्नायूच असावा म्हणाले, तरी नाशिकला एक्स-रे काढून घ्या.

उद्या सकाळी एक्स-रे आहे. मावशी पहिल्या गाडीनं येणार आहेत, त्यासाठी दुकान बंद ठेवणार म्हणाल्या. मी त्यांना नको म्हटलं नाही.